सळई, सूत आणि खतावणी

विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावात हार्डवेअरच्या दुकानासमोर उभा राहून मिस्त्री ‘तीन सुताची सळई द्या’ म्हणतो आणि दुकानदार दहा मिलिमीटरची सळई मोजायला लागतो. दोघांनाही त्यासाठी क्षणभर थांबावे लागत नाही. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास. कारखाना दहाची सळई काढतो, म्हणून तीन सूत म्हणजे दहा, चार सूत म्हणजे बारा आणि पाच सूत म्हणजे सोळा. वजनमापांचा दशमान कायदा १९५६ साली झाला, १९५८ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला आणि १९६२ पर्यंत शेर-मण कायद्याने बाजारातून गेले. किराण्यात शेराऐवजी किलो आला, कापडात वाराऐवजी मीटर आला. लोखंडी सामानाच्या दुकानात मात्र सगळी मापे एका छपराखाली नांदत राहिली. पाण्याचा पाईप इंचात, सळई सुतात, पत्रा फुटात आणि गेजमध्ये, खिळे किलोवर, रंग लिटरवर. वरवर पाहता हा गोंधळ वाटतो. पण नदीच्या दरडीत जसे गाळाचे थर एकावर एक दिसतात, तसे हे मापांचे थर आहेत. कोणती वस्तू गावात कोणत्या काळी आली, हे ती आजही कोणत्या मापाने मागितली जाते त्यावरून बरेचसे ओळखता येते.

यवतमाळ जिल्ह्यातले दारव्हा हे असेच तालुक्याचे गाव. ब्रिटिश काळात हा जिल्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई आणि दारव्हा त्याच्या तालुक्यांपैकी एक होते. १९०५ च्या फेररचनेत जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. या भागाविषयी छापील माहिती कमी नाही. आल्फ्रेड लायल यांचे वऱ्हाडचे गॅझेटियर १८७० सालचे आहे, ब्राऊन आणि रसेल यांचे यवतमाळ जिल्ह्याचे गॅझेटियर १९०८ सालचे. जमीन, पिके, सारा, जाती, देवळे, आठवडी बाजार यांची नोंद त्यांत मिळते. ही पुस्तके मोलाची आहेत, पण ती सरकारी नजरेने लिहिलेली आहेत. गावातल्या माणसाने पहिल्यांदा घरावर पत्रा कधी टाकला, दाराला कुलूप केव्हा लावले, विहिरीवर मोटेच्या जागी पंप कधी बसवला, शेताला काट्यांऐवजी तार कधी ओढली, हे त्यांत सापडत नाही. माझे म्हणणे असे आहे की, दारव्ह्यासारख्या गावाच्या गेल्या शंभर वर्षांच्या या इतिहासाचे सगळ्यांत चांगले साधन म्हणजे लोखंडी सामानाचे दुकान आणि त्याची खतावणी. बाहेरच्या जगात घडलेली प्रत्येक मोठी गोष्ट, मग ती रेल्वे असो, युद्ध असो, दुष्काळ असो की सरकारी योजना, या दुकानाच्या फळीवर येऊनच गावाची भिंत, विहीर आणि कुंपण झाली.

हे पटायला दुकानाच्या आधीचे गाव पाहावे लागते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीची जी व्यवस्था वर्णिली आहे, तिच्यात लोखंड हे विकत घेण्यापेक्षा करून घेण्याचे काम होते. सुतार लाकूड घडवी, लोहार त्याला लोखंड बसवी आणि खळ्यावर दोघांना धान्याचा वाटा मिळे. वऱ्हाडच्या काळ्या मातीत मुख्य औजार वखर. तो सगळा लाकडाचा. लोखंड एवढेच, ती जमीन खरवडणारी पास. पिकाच्या ओळींतून फिरणाऱ्या डवऱ्यालाही तशीच लहान पास. बंडीच्या चाकाला लोखंडी धाव, आसाला लोखंड, बाकी सारे सागवान आणि बाभूळ. शेतकरी लोहाराकडून पास पाजवून घेई आणि ती झिजून झिजून बोटभर राहीपर्यंत वापरी. लोखंड दुर्मीळ होते, म्हणूनच लोहाराचा मान होता. लोखंडी औजाराविषयी अविश्वासही कमी नव्हता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर तयार केले, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असे शेतकरी म्हणत आणि ते पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली. म्हणजे लोखंड गावात आपोआप शिरलेले नाही. कोणीतरी ते आणून ठेवावे लागले, दाखवावे लागले, त्याची हमी द्यावी लागली आणि पैसे थांबून घ्यावे लागले. लोहाराच्या भट्टीपासून दुकानाच्या फळीपर्यंतचा हा प्रवास हीच गावगाडा मोडून बाजार उभा राहण्याची गोष्ट आहे, आणि ती दुकानाच्या बाजूने अजून कोणी नीट लिहिलेली नाही.

लोखंड हे जड आणि तुलनेने स्वस्त वाण. सोने किंवा रेशीम घोड्यावर बांधून शेकडो कोस नेले तरी परवडते. पत्रे आणि सळया तशा नेता येत नाहीत. म्हणून लोखंडाच्या दुकानाचा इतिहास वाहतुकीच्या इतिहासाला बांधलेला असतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात वऱ्हाडच्या कापसाला मोठा भाव आला आणि १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. मूर्तिजापूर या रुळावर आले, दारव्हा दूर राहिले. ती उणीव भरून काढली विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत आलेल्या नॅरोगेजने. किलिक निक्सन कंपनीच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची मूर्तिजापूर–यवतमाळ ही सुमारे ११३ किलोमीटरची, अडीच फूट रुंदीची लाईन कारंजा, दारव्हा, लाडखेड अशी जात असे. पुढे तीच ‘शकुंतला’ म्हणून घराघरांत ओळखीची झाली. दारव्ह्याच्या मोतीबाग स्थानकावरून एकेकाळी पुसदकडेही फाटा जात होता. ही लाईन टाकली ती कापूस बाहेर नेण्यासाठी, हे सर्वांना माहीत आहे. पण गाठी घेऊन गेलेले डबे परत येताना काय आणत असतील, याचाही विचार करायला हवा. ज्या गावात खाण नाही, भट्टी नाही, मोठा कारखाना नाही, तिथे पत्रा, खिळा आणि कुलूप बाहेरूनच येणार, आणि जड माल रुळावरून येणे सगळ्यांत स्वस्त. १९२१ साली मँचेस्टरमध्ये घडलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून या मार्गावर धावले आणि १५ एप्रिल १९९४ ला त्याला निवृत्त करून डिझेल इंजिन जोडले गेले. सत्तर वर्षे एकच इंजिन गावाला बाहेरच्या जगाशी बांधून ठेवते, तेव्हा त्या गावाचा बाजारही त्याच्या वेळापत्रकाने घडतो.

रुळांमागून माणसे आली. वऱ्हाडच्या बाजारपेठांत मारवाडी, गुजराती, कच्छी, कोमटी आणि बोहरा व्यापाऱ्यांनी दुकाने मांडली. महाराष्ट्राच्या कितीतरी लहान गावांत तर हार्डवेअर म्हणजे बोहऱ्याचे दुकान असे समीकरणच झाले. परमुलखातून आलेला हा दुकानदार दोन-तीन पिढ्यांत वऱ्हाडी बोलू लागतो, सब्बल, टिकास, घमेले, टिना हे इथले शब्द त्याचे होतात, आणि कोणत्या गावची जमीन किती खोल गेल्यावर पाणी देते हेही त्याला कळू लागते. बाहेरचा माणूस गावचा कसा होतो, याचे हे आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण आहे. त्याच्या फळीवर देशाचा नकाशा मांडलेला असतो. कुलूप अलीगढचे, पाने-पकडी जालंधर आणि नागौरच्या, पंप राजकोटचा, सळई जालन्याच्या रोलिंग मिलची, सिमेंट शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूर-घुग्घुसच्या पट्ट्यातले, चुना वणीजवळच्या राजूरच्या भट्ट्यांचा. मुंबईची लोहार चाळ आणि नागपूरच्या इतवारीतली लोहा ओळ या नावांना शहरातल्या माणसाच्या लेखी फारसा अर्थ उरलेला नाही. पण छोट्या गावाच्या दुकानदारासाठी त्या अजूनही मालाच्या वाटा आहेत. शाळेत भूगोल शिकवताना हा नकाशा वापरला, तर कच्चा माल, वाहतूक आणि उद्योगांचे केंद्रीकरण हे सारे धडे एका दुकानात शिकवून होतील.

या दुकानात राज्यसत्ताही दिसते. दुसऱ्या महायुद्धापासून लोखंड आणि पोलाद सरकारी नियंत्रणाखाली गेले. स्वातंत्र्यानंतर १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा आणि १९५६ चा लोखंड-पोलाद नियंत्रण आदेश आला. सिमेंटवरही नियंत्रण होते. घर बांधणाऱ्याला पोत्यांसाठी सरकारी परवाना मिळवावा लागे, आणि तो घेऊन माणूस दुकानात येई. त्या काळात पोत्याला पैशांइतकाच शब्दाचा भाव होता. महाराष्ट्रात तर सिमेंटवाटपाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाच्या निकालानंतर मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांना जानेवारी १९८२ मध्ये पद सोडावे लागले. त्यानंतर काही आठवड्यांतच सिमेंट अंशतः नियंत्रणमुक्त झाले, १९८९ मध्ये पूर्ण मुक्त झाले आणि पोलादाची किंमत व वाटपावरची बंधने जानेवारी १९९२ मध्ये उठली. अर्थशास्त्राच्या पुस्तकात या तारखा धोरण म्हणून शिकवल्या जातात. तालुक्याच्या गावात त्यांचा अर्थ साधा होता. अर्जाची वाट पाहत अर्धवट राहणारे घर आता पैसे असतील तेव्हा पुरे होऊ शकत होते. परवान्याच्या काळातली वही आणि मुक्त बाजारातली वही शेजारी ठेवली, तर उदारीकरण एका गावात कसे उतरले याचा पुरावा हातात येतो. तो पुरावा राजधानीतल्या कागदांत मिळणार नाही.

सर्वांत बोलका पुरावा घराचा आहे. वऱ्हाडातली जुनी घरे मातीची. गरिबाची भिंत कुडाची. कापसाचा हंगाम संपला की उरलेली पऱ्हाटी विणून त्यावर शेणामातीचा लेप द्यायचा. बऱ्या घराला मातीची जाड भिंत, सागवानी खांब, वर धाबे किंवा कवेलू. या घरात बाजाराचा माल फार थोडा: कडी-कोयंडा, बिजागऱ्या, मूठभर चुका. दरवर्षी पावसाळ्याआधी कवेलू फेरावे लागत, कुड लिंपावा लागे. हे काम घरच्यांच्या हातांनी होई आणि त्यातला मोठा भाग बायकांच्या वाट्याला येई. टिनाच्या पत्र्याने हे चक्र मोडले. पत्रा उन्हाळ्यात भाजतो, पावसात कानठळ्या बसवतो, तरी लोकांनी तो घेतला, कारण तो दरवर्षीची मेहनत वाचवतो आणि जळत नाही. नंतर विटा, सिमेंट, सळई आणि स्लॅब. प्रत्येक पायरीवर घरातला विकतचा भाग वाढला आणि हातचा भाग घटला. शेतातही तेच झाले. बोराटी-बाभळीच्या काट्यांच्या कुंपणाच्या जागी काटेरी तार आली, आणि रोही व रानडुकरांचा उपद्रव वाढला तसे तारेला पर्यायच उरला नाही. मोटेच्या विहिरीवर इंजिन, मग विजेची मोटार, मग पीव्हीसी पाईप आणि ठिबक. प्रत्येक बदलाची तारीख वेगवेगळ्या घरी वेगवेगळी आहे, आणि ती तारीख त्या घराची ऐपत सांगते. कोणत्या वस्तीत पत्रा १९६० च्या दशकात आला आणि कोणत्या वस्तीत १९९० नंतर, हे कळले तर गावातल्या विषमतेचा नकाशा कोणत्याही भाषणापेक्षा स्पष्ट उमटेल.

मग येते उधारी. लोखंडाच्या दुकानातली उधारी किराण्याच्या उधारीहून वेगळी असते. किराणा महिन्याच्या महिन्याला फिटतो. घराचे लोखंड, विहिरीचा पंप किंवा कुंपणाची तार ही खरेदी मोठी असते आणि ती फिटते पीक हाती आल्यावर. म्हणून ही खतावणी कापसाच्या चक्राने चालते. १९७२ पासून सुमारे तीन दशके महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती. कापूस संकलन केंद्रावर घातला की पैशाऐवजी आधी वाट पाहणे येई. चुकारे निघाले की गावात हलचल होई. ‘चुकारा आला की देतो’ हे वाक्य या भागात एका पिढीचे चलन होते. आज त्याची जागा ‘हप्ता पडला की देतो’ने घेतली आहे. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात सपाट प्रदेशातल्या घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात, तेही बांधकामाच्या टप्प्यांनुसार. पण जोते बांधल्याशिवाय पुढचा हप्ता नाही आणि सिमेंटशिवाय जोते नाही. हा मधला काळ कोणीतरी सोसावा लागतो, आणि तो बहुधा दुकानदार सोसतो. स्वच्छतागृहाच्या १२ हजारांच्या अनुदानाचेही तसेच. सरकारी अहवालात योजना थेट लाभार्थ्यापर्यंत पोचते. गावात तिला वाटेत दुकानदाराच्या विश्वासाचा पूल लागतो. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत गोरवाला समितीला दिसले होते की, शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के आहे आणि व्यापारी-अडत्यांचा त्याहून जास्त, साडेपाच टक्क्यांच्या घरात. बँका आल्या, पतसंस्था आल्या, तरी मालाच्या रूपाने दिलेले हे कर्ज संपले नाही.

इथेच पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप उभा राहतो. व्यापाऱ्याची वही हे गावाच्या विश्वासाचे स्मारक कसे? महाराष्ट्राचा इतिहास तर उलट सांगतो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली, तेव्हा त्यांना घरे लुटण्यापेक्षा वह्या आणि खते जाळण्याची घाई होती. त्यातून चौकशी आयोग बसला आणि १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये याच शोषणावर आघात केला. यवतमाळ जिल्ह्याने अलीकडच्या काळात शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणाची जी किंमत मोजली आहे, ती पाहता उधारीविषयी हळवेपणाने लिहिण्याचा अधिकार कोणालाच नाही. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. हार्डवेअरची उधारीही महाग असू शकते. रोखीचा भाव आणि उधारीचा भाव यांतला फरक हे व्याजच असते, त्याला व्याज म्हटले नाही एवढेच. पण यातून निघणारा निष्कर्ष माझ्या म्हणण्याला बळच देतो. सुप्याच्या शेतकऱ्यांनी वह्या जाळल्या, कारण सत्ता तिथे लिहिलेली आहे हे त्यांना कळत होते. ज्या कागदात सत्ता लिहिलेली असते तो कागद इतिहासासाठी पहिल्या दर्जाचा असतो. खतावणी जपायची ती दुकानदाराच्या गौरवासाठी नव्हे. भाव किती लावला, किती वर्षे थकले, कोणाला उधार दिले आणि कोणाला नाकारले, हे तपासता यावे म्हणून ती जपायची.

दुसरा आक्षेप निवडीचा आहे. गावात किराणा आहे, कापड आहे, कृषी केंद्र आहे, चहाची टपरी आहे. मग हार्डवेअरच का? चहाच्या टपरीवर गावाची मते घडतात हे खरे, पण तिथे नोंद राहत नाही. किराणा माणसाचे पोट भरतो, त्याची खूण राहत नाही. कृषी केंद्राचा माल एका हंगामात मातीत जातो. लोखंडी दुकानातून गेलेली वस्तू मात्र गावात दिसत राहते. वहीत लिहिलेली सळई कोणत्यातरी स्लॅबमध्ये आहे, दार कोणत्यातरी बिजागरीवर फिरते आहे, पंपावर कारखान्याचा ठसा आहे. त्यामुळे इथे कागद आणि वस्तू एकमेकांना ताडून पाहता येतात, आणि इतिहासाच्या अभ्यासात ही सोय फार थोड्या ठिकाणी मिळते. शिवाय हे दुकान नवे विकते तितकेच जुने चालू ठेवते. चार चुका, दोन बोल्ट, एक वायसर, नळाची एक चकती अशा किरकोळ खरेदीत गावाची काटकसर नोंदलेली असते. १९७२ च्या दुष्काळातून पुढे आलेल्या रोजगार हमीच्या कामांवर, जिचा कायदा १९७७ मध्ये झाला, फावडे आणि घमेले हेच मुख्य यंत्र होते. त्या वर्षांत लोकांच्या हाती काय होते, हे औजारांच्या खपावरून वाचता येते.

तिसरा आक्षेप असा की, या वहीत अर्धे गाव नसतेच. खाते पुरुषाच्या नावे असते. भूमिहीन मजुराला उधार मिळत नाही, म्हणून त्याचे नाव येत नाही. ज्याच्या भट्टीची कामे दुकानाने घेतली, तो लोहार वहीत गिऱ्हाईक म्हणून उरतो किंवा उरतही नाही. हेही खरे आहे. पण प्रत्येक ऐतिहासिक कागदाला अशी आंधळी बाजू असते. पेशवे दफ्तरातही रयत सारा भरण्यापुरतीच दिसते. उपाय एवढाच की कागदाशेजारी माणसांचे बोलणे ठेवायचे. कुड लिंपणाऱ्या बाया, भात्यावर बसलेले लोहार, सेंट्रिंगचे मजूर, गवंडी आणि मिस्त्री यांची साक्ष घेतली, तर वहीतली रिकामी जागाही वाचता येते. आणि ही साक्ष आजच घ्यावी लागेल. बलुत्यावर पास पाजवून घेतलेली पिढी फार दिवस आपल्यात राहणार नाही.

चौथा आक्षेप काळाचा. आता बिल संगणकावर निघते, १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, माल मोबाईलवरून मागवता येतो, शहरातली मोठी दालने तासा-दोन तासांच्या अंतरावर आहेत. जुने दुकान जात असेल तर जाऊ द्यावे, त्याचे सोहळे कशाला? मी कोणाला तोट्यातले दुकान चालवायला सांगत नाही. गिऱ्हाइकाने स्वस्त आणि चांगले घ्यावे हा त्याचा हक्क आहे, आणि पक्के बिल मिळणे ही गरिबाच्या फायद्याचीच गोष्ट आहे. पण दुकान बदलते तेव्हा सोबत काय हरवते याचा हिशेब ठेवावा. जुन्या पंपाचा कोणता भाग कोणत्या नव्या भागाशी जुळेल, तीन सुताच्या भोकात दहाचा बोल्ट बसेल का, या मातीत पाईप किती खोल पुरावा, हे ज्ञान पुस्तकात नाही. ते गल्ल्यावर बसलेल्या आणि समोर उभ्या राहिलेल्या माणसांच्या बोलण्यातून पन्नास-साठ वर्षांत साचलेले आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या ब्रॉडगेज मार्गाच्या नकाशात दारव्हा आहे. तो मार्ग पूर्ण झाला की बाजार आणखी एकदा बदलेल. नॅरोगेजने बाजार कसा घडवला याची नीट नोंद आपण केली नाही; ब्रॉडगेजच्या वेळी तीच चूक करू नये.

त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून, घराघरांतली दफ्तरे पाहून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ जमवली आणि त्यांचा पहिला खंड १८९८ साली निघाला. खुद्द यवतमाळात डॉ. य. खु. देशपांडे यांनी शारदाश्रमाच्या माध्यमातून महानुभाव पोथ्या आणि जुनी कागदपत्रे गोळा केली. कागद जमवण्याची परंपरा या जिल्ह्याला आहे. फक्त आपण पोथी आणि सनद यांनाच कागद मानले, वहीला मानले नाही. दारव्ह्यात नगर परिषद आहे, मुंगसाजी महाराज महाविद्यालय आहे, वाचनालये आहेत. इतिहास आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी मिळून जुन्या दुकानांच्या रोजमेळ-खतावण्यांची छायाचित्रे घ्यावीत, दर दहा वर्षांतले एक वर्ष निवडून त्यातला माल, भाव आणि उधारीचा काळ उतरवावा. खातेदारांची नावे झाकावीत. कोणाच्या आजोबांनी काय थकवले हे चव्हाट्यावर आणणे हा इतिहास नव्हे. दुकानदारांनाही भीती राहू नये, यासाठी जुन्या, मुदत संपलेल्या वह्यांपासून सुरुवात करता येईल. एका उन्हाळ्याच्या सुटीत एवढे काम होऊ शकते.

घाई करायला एक कारण आहे. दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या वहीची पूजा होते. जुनी वही मात्र काही वर्षे माळ्यावर राहते आणि एक दिवस रद्दीत जाते. त्याच सुमारास कोणाच्या घरचा गंजलेला पत्रा, कोणाच्या शेतातली तुटकी तार भंगारात जाते. लोखंडाचे बरे असते. ते जालन्याच्या भट्टीत वितळते आणि एखाद्या वर्षी त्याच दुकानात सळई होऊन परत येते, पुन्हा एका नव्या घराच्या स्लॅबमध्ये बसते. वहीला असा दुसरा जन्म नाही. तिच्यात लिहिलेले घर, विहीर, थकलेले चुकारे आणि पाळलेले शब्द यांची दुसरी प्रत कोठेही नाही, म्हणून तिला माळ्यावरून खाली उतरवण्याचे काम गावानेच करायला हवे.